२०२५ : वेळेवर गाठलेली सुखं

कुडाळकर | २६ डिसेंबर, रात्री ९:५०

वर्ष संपत आलं की 'यंदा काय पाहिलं, काय वाचलं' असे धागे निघतात आणि मी ते आवडीने वाचतो. त्यातून समजलेली नाटकं, मालिका, पुस्तकं मला पुढे वर्षभर पुरतात. या वेळी थोडं वेगळं विचारतोय. साठवून ठेवता आली नसती, त्या दिवशी त्या तासाला हजर होतात म्हणूनच लाभली, अशी कोणती करमणूक, कोणतं छोटं सुख तुम्हाला यंदा मिळालं? 'नंतर बघू' म्हणून मोबाईलमध्ये ठेवलेल्यांची यादी वाढतच जाते आणि त्यातलं फार थोडं आपण खरंच बघतो. ज्याला मुदत असते त्याच्यासाठी मात्र माणूस झोप मोडून जातो, असा माझा अनुभव आहे.

माझं सांगतो. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास सावंतवाडीजवळच्या सोनुर्लीला माऊलीची जत्रा भरते. तिला लोटांगणाची जत्रा म्हणतात. त्यानंतर आमच्याकडे गावोगावच्या जत्रा लागतात आणि प्रत्येक जत्रेत रात्री दशावतार असतो. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर ही दशावतारी नाटक कंपन्यांची नावं इथे लहान पोरालाही पाठ असतात. यंदा एका छोट्या गावच्या जत्रेत मी रात्रभर बसलो. पालखी देवळाभोवती फिरून आली, मग मध्यरात्रीच्या आसपास पायपेटी आणि मृदंग सुरू झाला. आधी आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग. गणपती आला, ऋद्धिसिद्धी आल्या, सरस्वती आली, मग वेद पळवणारा काळाकुट्ट संकासुर. हल्ली वेळेअभावी हा भाग आवरता घेतात. त्या रात्री कंपनीने तो नीट केला याचा मला फार आनंद झाला.

बाहेरच्यांसाठी एक सांगायला हवं. दशावताराच्या आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी देवळाच्या आवारात आपापल्या ट्रंकेजवळ बसून नट स्वतःच तोंडाला रंग लावतात. तेव्हाच कुठलं आख्यान लावायचं आणि कोणी काय करायचं ते ठरतं. कथा सगळ्यांना माहीत असते, पण वाक्यं रंगमंचावर उभं राहिल्यावर सुचतात. त्या रात्री राणीचं काम करणारा नट (स्त्रियांची कामं पुरुषच करतात) नवऱ्याने वनात सोडल्याचा विलाप करत होता. पुढे बसलेली एक म्हातारी न राहवून मोठ्याने म्हणाली, "बाये, माहेराक जा गो!" नटाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि राणीच्याच आवाजात तिला उत्तर दिलं. ज्या राजाने घालवलं त्याच्याच राज्यात माझं माहेर आहे, मी तिथे गेले तर बापाची मान खाली जाईल, असं काहीसं. म्हातारीने डोळ्याला पदर लावला. पायपेटीवाल्याने तेवढ्यात सूर धरला आणि त्या उत्तरावरच पद सुरू झालं. दुसऱ्या रात्री तीच कंपनी दुसऱ्या गावात गेली असेल, कदाचित आख्यानही तेच लावलं असेल. पण हा संवाद तिथे झाला नसणार.

आता तुमचं सांगा.

चाकरमानी | २६ डिसेंबर, रात्री १०:३५

वाचताना खाजाची चव तोंडात आली. बेसनाच्या काड्या, वर गूळ आणि आलं. जत्रेतून मुंबईला येताना पिशवीत तो असतोच.

पण एक विचारतो, दादा. मी डोंबिवलीत राहतो. जत्रेच्या दिवशी सुट्टी मिळेलच असं नाही आणि रेल्वेचं आरक्षण तर त्याहून कठीण. यूट्यूबवर आता दशावताराचे प्रयोग बघायला मिळतात. मी ते बघतो, आणि माझा मुलगाही बघतो. त्याला मालवणी कळायला लागली ती त्यातूनच. हे तुमच्या हिशेबात बसतं का?

कुडाळकर | २६ डिसेंबर, रात्री १०:५८

बसतं तर! मुलगा मालवणी शिकला याहून मोठी गोष्ट कुठली? चित्रीकरणामुळे चांगल्या नटांची नावं मुंबईपर्यंत पोचली हेही खरं आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या पोराला एकदा जत्रेत पुढच्या रांगेत बसवा. संकासुर रंगमंचावरून थेट समोर बसलेल्यांशी बोलतो, तेही मालवणीत, त्या गावच्या त्या वर्षीच्या गोष्टी घेऊन. पडद्यावर आपण ते बघतो, पण तो आपल्याशी बोलत नसतो. जत्रेक घेवन ये त्येका, मगे बगूया.

इसारकाठ | २७ डिसेंबर, पहाटे २:१०

मी म्युनिकमध्ये असते, म्हणून माझी वेळ अशी. सात सप्टेंबरचं खग्रास चंद्रग्रहण हे माझं उत्तर.

बाबा साताऱ्याला एकटेच असतात. त्यांनी मला महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं की भारतात रात्री अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण झाकला जाईल आणि जवळजवळ दीड तास तसाच राहील, तुमच्याकडेही दिसायला हवा. मी हिशेब केला. उन्हाळ्यात आमच्यात साडेतीन तासांचा फरक असतो. तिकडे अकरा वाजतील तेव्हा इथे साडेसात, म्हणजे चंद्र उगवायच्या बेतात. आमच्याकडे तो उगवणार होता तोच मुळी झाकलेला.

इथे ऑलिम्पिक उद्यानात एक टेकडी आहे. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या इमारतींचा राडारोडा रचून ती उभी राहिली. त्या संध्याकाळी तिथे खूप माणसं जमली होती. दुर्बिणी होत्या, गोधड्या होत्या, कडेवर पोरं होती. चंद्रोदयाची वेळ उलटली तरी क्षितिजावर काही दिसेना. सूर्य नुकताच मावळला होता, आकाश अजून उजळ होतं आणि झाकलेला चंद्र इतका मंद असतो की त्या उजेडात तो हरवून जातो. तिकडे साताऱ्यात बाबा गच्चीवर, फोन कानाला. त्यांच्याकडे चंद्र वर चढलेला, पण ढग. ते म्हणत, "आता आला... गेला... परत आला, तांब्याच्या पराती एवढा लाल." आणि मी म्हणत होते, अजून नाही, बाबा, अजून नाही.

मग सव्वाआठच्या पुढे कुणीतरी बोट दाखवलं. शहराच्या वर, धुरकट पट्ट्यात, एक मातकट गोल. मी "दिसला" म्हटलं त्याच क्षणी त्यांच्याकडेही ढग सरकले. आम्ही दोघं एकच चंद्र बघत होतो. त्यांचा डोक्यावरच्या बाजूला, माझा क्षितिजाला टेकलेला. बाबा निवृत्त भूगोलाचे शिक्षक. त्यांनी तिथल्या तिथे मला समजावायला घेतलं की सूर्याचा उजेड पृथ्वीच्या हवेतून वाकून चंद्रापर्यंत जातो, वाटेत निळा विखुरतो, तांबडा तेवढा पोचतो. हे मला शाळेपासून माहीत आहे. मी एकदाही मध्ये बोलले नाही, त्यांना सगळं सांगू दिलं. आई गेल्यापासून आमचं फोनवरचं बोलणं औषधं आणि वीजबिल यांच्यापुढे जात नव्हतं. त्या रात्री आम्ही ग्रहण सुटेपर्यंत बोललो. तिकडे दीड वाजला होता. शेजारच्या काकूंनी वेध पाळले होते आणि बाबांनी गच्चीवर बसून पोहे खाल्ले, हेही त्यांनी मला आनंदाने सांगितलं.

ताऱ्यांची_वही | २७ डिसेंबर, सकाळी ८:२०

इसारकाठ, सुंदर लिहिलंत. पुण्यातून आम्हालाही ढगांच्या फटीतूनच बघायला मिळालं. एक माहिती देते. १२ ऑगस्ट २०२६ ला खग्रास सूर्यग्रहण आहे. खग्रास पट्टा ग्रीनलँड, आइसलँड आणि उत्तर स्पेनवरून जातो. तुम्हाला म्युनिकमधून सूर्यास्ताच्या सुमारास मोठं खंडग्रास दिसेल. भारतातून दिसणार नाही, तेव्हा या वेळी फोनवर वर्णन करायची पाळी तुमची. ग्रहणाचा चष्मा घेतल्याशिवाय बघू नका. आणि बाबांचं कधी पुण्याला येणं झालं तर त्यांना ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जरूर घेऊन या. १९४४ पासून चालू असलेली हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे. तिथे भूगोलाच्या मास्तरांना भरपूर श्रोते मिळतील.

इसारकाठ | २७ डिसेंबर, दुपारी १:०५

बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिता येत नाही म्हणून खट्टू झालेत, ऑगस्टचं पान यायला अजून अवकाश आहे.

गूळभेंडी | २७ डिसेंबर, दुपारी ३:४०

परभणी जिल्हा. आमच्याकडे या प्रश्नाचं एकच उत्तर असतं : हुरडा.

ज्वारीचं कणीस चिकात असतं ते थोडेच दिवस. त्याआधी नुसतं दूध असतं, नंतर दाणा निब्बर होतो. त्या दिवसांत दाण्यात साखर असते, पुढे तिचं पीठ होत जातं. म्हणून कणीस मोडलं की लगेच आगटीत टाकायचं. गोवऱ्यांचा विस्तव, वरून राख सारलेली, त्यात कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळायची. चोळणाऱ्याचे तळवे लाल होतात. हे काम आमच्यात मामा लोक करतात आणि पाहुण्यांनी फक्त खायचं. गूळभेंडी आणि सुरती ही जुनी नावं. आपल्या कृषी विद्यापीठानेही खास हुरड्यासाठी वाण काढलेत. भाकरीची मालदांडी वेगळी, तिचा हुरडा मला तितका आवडत नाही. मंगळवेढ्याच्या लोकांनी राग मानू नये, त्यांच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि भाकरी तिचीच खावी.

सोबत जवसाची चटणी, दही, गूळ, बोरं. पैसे घेऊन हुरडा पार्ट्या होतात, झोके असतात, बैलगाडी असते. वाईट नाही, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण माझं सुख जानेवारीतल्या त्या सकाळचं, जेव्हा तिन्ही भाऊ बऱ्याच काळाने एका आगटीभोवती बसलो. वाटणीवरून बोलणं बंद होतं. हुरडा गरम असेपर्यंतच खायचा असतो, त्यामुळे कोणी कोणाशी बोलत नसलं तरी एकमेकांपुढे मूठ धरावीच लागते. थोरल्याने माझ्यापुढे धरली. मी घेतली.

सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच. आमचं सोयाबीन पाण्यात गेलं, बांध वाहून गेले, रान वाफशावर यायला वेळ लागला आणि ज्वारीची पेरणी लांबली. थोरल्याचं बी वाया गेलं तेव्हा मी माझ्यातलं दिलं. यंदाचा हुरडा उशिरा येईल, पण येईल. आत्ता कणसं पोटरीत आहेत, म्हणजे अजून पानाच्या आवरणातून बाहेर यायची आहेत.

मिरगाचा_किडा | २७ डिसेंबर, सायंकाळी ७:१५

रत्नागिरी. छोटंच लिहितो. यंदा मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला, मुंबईच्या नोंदींतला सगळ्यात लवकरचा. मृग लागायला अवकाश होता. बागायतदार म्हणून आमचं नुकसान झालं, झाडावर आंबा होता. पण बहीण मुलांना घेऊन मे महिन्यात माहेरी येते आणि पाऊस सुरू व्हायच्या आत परत जाते, असं तिच्या लग्नापासून चाललेलं. या वेळी ती घरात असतानाच पागोळ्या लागल्या. तिच्या पोरांनी कोकणातला पहिला पाऊस कधी पाहिलाच नव्हता. ती स्वतः पडवीत बसून होती, चहा गार झाला तरी उठली नाही.

ऑफस्पिन | २७ डिसेंबर, रात्री ११:३०

मी ऐंशीच्या दशकात विद्यापीठाकडून क्रिकेट खेळले. मुलांचा सराव संपला की मैदान आम्हाला मिळायचं, आणि तोवर उजेड संपत आलेला असायचा. बायकांची आंतरराज्य स्पर्धा पहिल्यांदा १९७३ साली आपल्या पुण्यातच झाली, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. हे आता कुणाला आठवत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. पुढच्या पिढ्यांच्या मुलीसुद्धा अनारक्षित डब्यातून सामन्यांना गेलेल्या आहेत.

तर माझं सुख : २ नोव्हेंबर, नेरूळचं डी. वाय. पाटील मैदान, विश्वचषकाची अंतिम लढत. मी घरी होते, टीव्हीसमोर, नातीबरोबर.

खरं तर सुरुवात ३० ऑक्टोबरपासून झाली. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्या तेव्हा घरातले सगळे उठून गेले. मी बसून राहिले, कारण खेळलेल्या माणसाला उठता येत नाही. जेमिमा रॉड्रिग्स नाबाद १२७, हरमनप्रीत ८९. महिलांच्या एकदिवसीय सामन्यात इतक्या धावांचा पाठलाग याआधी कुणी केला नव्हता. शेवटी जेमिमा मैदानात रडत होती आणि इकडे मीही.

अंतिम सामना पावसाने दोन तास उशिरा, पाच वाजता सुरू झाला. नातीची दुसऱ्या दिवशी शाळा नव्हती, तरी नऊला झोपायचा नियम. तो त्या दिवशी मी मोडला. आपल्या २९८. शेफाली वर्मा ८७. ही मुलगी मूळ संघात नव्हती, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून उपांत्य सामन्याआधी आली. मग हरमनप्रीतने तिच्या हातात चेंडू दिला आणि तिने दोन महत्त्वाच्या विकेट काढल्या. समोर दक्षिण आफ्रिकेची कर्णधार वोल्वार्ट उभी, शतक पूर्ण. ती होती तोवर सामना त्यांचाही होता. मग दीप्ती शर्माचा चेंडू, उंच फटका, खाली अमनजोत कौर. झेल हातात, हातातून निसटला, परत उडाला, आणि तिने तो धरला.

कुडाळकर, तुमचा प्रश्न मला इथे नेमका कळला. तो झेल मी नंतर पुन्हा पुन्हा पाहिलाय. प्रत्येक वेळी बघताना मला माहीत असतं की ती धरणार. त्या रात्री माहीत नव्हतं. चेंडू हवेत होता तेवढ्यात मला २०१७ चं लॉर्ड्स दिसलं, विश्वचषकाची अंतिम लढत नऊ धावांनी हरलो होतो. २००५ दिसलं, तेव्हाही अंतिम लढतच हरलो होतो. माझी स्वतःची सुटलेली मैदानं दिसली. नातीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. बारा वाजत आले होते. दीप्तीच्या ३९ धावांत पाच विकेट, ऑफस्पिन, माझीच कला. आता नात शनिवार-रविवारी सरावाला जाते. सकाळी, भर उजेडात.

सांगलीची | २८ डिसेंबर, सकाळी ७:५०

ऑफस्पिन ताई, नमस्कार तुम्हाला. संघातली स्मृती मानधना आमची, एवढंच सांगायला आले! गावात रात्री फटाके वाजले, बायका गाउनवर बाहेर आल्या होत्या.

रातराणी | २८ डिसेंबर, दुपारी २:४५

सगळं वाचलं, आनंद झाला. पण एक गोष्ट मनापासून मांडते. इथे बहुतेक जण उठून कुठेतरी गेलेत, किंवा रात्रभर जागलेत. माझी आई अंथरुणाला खिळून आहे. मी ठाण्यात तिच्याबरोबर असते. जत्रा, मैफल, टेकडी यातलं काहीच मला शक्य नव्हतं. रात्री जागते, ते तिची कूस बदलायला. अशा वेळी साठवून ठेवलेली गाणी हाच आधार असतो. पहाटे तीनला मला हवं ते गाणं मिळतं, ही मोठी सोय आहे आणि तिला मी कमी लेखू देणार नाही.

तरीही तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे : रेडिओ. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी आणि विविध भारती. विविध भारती १९५७ ची, आई तिच्याहून थोडी मोठी. मोबाईलवरची गाणी मी निवडते. रेडिओवर काय लागेल ते मला माहीत नसतं आणि आईलाही नसतं, म्हणून आम्ही दोघी सारख्याच होतो. एरवी दिवसभर मी देणारी आणि ती घेणारी. श्रावणातल्या एका दुपारी एक जुनं नाट्यगीत लागलं. आई आता फारसं बोलत नाही. मी औषध मोजत होते, तर मागून ठेका ऐकू आला. पलंगाच्या लोखंडी दांडीवर ती बोटाने ताल देत होती आणि सम बरोबर येत होती. तिने लहानपणी गिरगावात वडिलांच्या मांडीवर बसून संगीत नाटकं ऐकली आहेत. गाणं संपल्यावर निवेदिकेने फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली. आई म्हणाली, "आपलंही पाठव." मी पत्र पाठवलं. अजून आमचं नाव लागलेलं नाही. त्यामुळे रोज ती वेळ चुकवायची नाही, असं तिने ठरवलंय.

चाकरमानी | २८ डिसेंबर, दुपारी ३:२०

रातराणी ताई, तुमचं नाव लागेल तेव्हा इथे नक्की कळवा. आणि एखादी संध्याकाळ आईंजवळ बसायला कोणी हवं असेल तर सांगा. माझी बायको घरी आजारी माणसाची सेवा करायला शिकलेली आहे, डोंबिवलीहून ठाणं लांब नाही. मनापासून म्हणतोय. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

सीताबर्डी | २८ डिसेंबर, रात्री ८:३०

नागपूरकरांनी अजून कसं लिहिलं नाही? २८ जुलै, सोमवार. जॉर्जियातल्या बातुमीला महिला बुद्धिबळ विश्वचषकाचा निकाल लागला तो दिवस. अंतिम फेरीत दोघीही आपल्याच : आमच्या नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी. नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते, म्हणून जलद डाव.

मी गणिताची शिकवणी घेतो. संध्याकाळची तुकडी बसली होती. फळ्यावर वर्गसमीकरण अर्धं राहिलं आणि आम्ही सगळे एका लॅपटॉपभोवती. पोरांमध्ये दोन गट पडले. एक म्हणे दिव्या, एक म्हणे हंपी, कारण हंपी २००२ मध्ये पंधराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झाली आणि इतकी वर्षं टिकली. हा दुसरा गट मला फार आवडला, आपल्या गावाबाहेरच्या माणसाचा मोठेपणा त्यांना कळत होता. पहिला जलद डाव बरोबरी. दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन दिव्या जिंकली. १९ वर्षांची पोरगी, विश्वचषक आणि त्याच फटक्यात ग्रँडमास्टर किताब, देशातली ८८ वी. डाव संपल्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडली आणि इथे पहिल्या बाकावरची एक मुलगी मला म्हणाली, "सर, त्यायनं उंट तिथं नसता नेला तं?" तिला बुद्धिबळ येतं हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. आता शिकवणी संपली की अर्धा तास पट मांडतो. ती मला हरवते.

बोरिवली_फास्ट | २९ डिसेंबर, सकाळी ९:०५

मी रातराणींच्या बाजूने. लोकलमध्ये उभ्याने जाताना मोबाईलवर अर्धा भाग सकाळी, अर्धा संध्याकाळी असं मी वर्षभर बघत आले. ते माझं हक्काचं सुख आहे. पण कालपासून हा धागा वाचतेय आणि गाडीत वर डोकं काढून पाहिलं तर आमच्या डब्यात एक भजनी मंडळ आहे! टाळ छोटे, पेटी नाही, डब्याच्या पत्र्यावर ठेका. रोज याच गाडीला असतात म्हणे. आज कानातले इअरफोन काढून ऐकलं. उद्याही ऐकणार.

कुडाळकर, जानेवारीत चार दिवस सुट्टी आहे. दशावतार बघायला आले तर कुठे जाऊ? मी कोकणातली नाही, कोणी ओळखीचं नाही.

कुडाळकर | २९ डिसेंबर, रात्री ९:१५

या, जरूर या. जानेवारीतही प्रयोग चालू असतात. कुडाळ, वेंगुर्ला किंवा सावंतवाडी यापैकी कुठेही उतरा आणि रिक्षावाल्याला नाहीतर किराणा दुकानात विचारा, "आज नाटक खंय?" आमच्याकडे दशावताराला नुसतं 'नाटक' म्हणतात. जाताना अंगावर घ्यायला काहीतरी जाड न्या, पहाटे दव पडतं. बसायला चटई न्या. उशीर झाला म्हणून मागे उभ्या राहू नका, बायकांच्या बाजूला जाऊन बसलात की त्या सरकून जागा करून देतात. जेवून जा, पण पोट थोडं रिकामं ठेवा, भजी आणि चहा रात्रभर मिळतो. आणि मध्यरात्रीनंतर डोळे मिटायला लागले तरी उठू नका, युद्धाचा प्रवेश बहुतेक पहाटेच येतो. तारखा कळल्या की इथेच लिहा. आमच्या पंचक्रोशीत त्या दिवसांत कुठे प्रयोग आहे ते विचारून सांगतो, आणि आमच्या घरून माझी आई येणार असेल तर तुम्हाला सोबतही होईल.